पायथनच्या लूपमधील व्याकरणाच्या चुका: संदेश वाचून त्या कशा दुरुस्त कराव्यात

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतल्यावर पहिले दोन-तीन धडे सहसा विनातक्रार पार पडतात. नाव छापले, दोन संख्यांची बेरीज केली, इथपर्यंत फारसे काही अडत नाही. लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारी रचना, आला की मात्र पडद्यावर चुकीचे संदेश दिसू लागतात, कारण कोलन, कंस, कीवर्ड (भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द) आणि ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा या सगळ्यांचे नियम लूपच्या अवघ्या तीन-चार ओळींत एकदम लागू होतात. बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याकडच्या मराठी मुलांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. घरात मराठी, बाहेर गुजराती आणि प्रोग्राम इंग्रजी लिपीत असल्यामुळे एकाच लॅपटॉपवर तीन कीबोर्ड मांडण्या बसवलेल्या असतात, आणि त्यांतली कोणती या क्षणी चालू आहे, याकडे लिहिणाऱ्याचे लक्ष नसते.

उदाहरणांविषयी आधी एक खुलासा केलेला बरा. पुढे दिलेल्या ओळींत फॉर, इन, व्हाइल, प्रिंट, रेंज, इनपुट, इंट असे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते इंग्रजी लिपीत आणि लहान अक्षरांतच टंकायचे आहेत. दरवाजा किंवा क्रम यांसारखी व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवायच्या जागेची, नावे मात्र पायथन 3 मध्ये देवनागरीत खरोखरच चालतात. चालतात म्हणून ती तशी ठेवावीत का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कीबोर्डविषयीच्या भागात येईल.

आधी आवृत्ती पाहावी

चूक शोधण्यापूर्वी आपल्या यंत्रावर पायथनची कोणती आवृत्ती आहे, हे पाहून घ्यावे. पायथनबरोबर येणारा आयडल हा संपादक उघडला की पहिल्याच ओळीत आवृत्तीचा क्रमांक दिसतो. ही बाब वरवर किरकोळ वाटते, परंतु ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या 3.10 या आवृत्तीपासून चुकीचे संदेश पुष्कळच स्पष्ट झाले आहेत. कोलन राहिला असेल तर नवी आवृत्ती ‘एक्सपेक्टेड कोलन’, म्हणजे इथे कोलन हवा होता, असे सरळ सांगते. जुनी आवृत्ती त्याच चुकीसाठी ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ एवढेच म्हणून थांबते. घरातल्या जुन्या संगणकावर विंडोज 7 असेल तर त्यावर पायथन 3.8 च्या पुढे जाता येत नाही, त्यामुळे अशा यंत्रावर शिकणाऱ्याला मोघम संदेशांवरच काम भागवावे लागते. अशांनी पुढील भाग अधिक लक्षपूर्वक वाचावा.

संदेशात दिसणारी ओळ आणि चुकलेली ओळ

सिंटॅक्स एरर, म्हणजे व्याकरणाची चूक, आली की पायथन एक ओळ क्रमांक देतो आणि त्या ओळीखाली ^ ही खूण करतो. आयडलमध्ये फाइल चालवली तर एक छोटी चौकट उघडते आणि ती बंद केल्यावर अडचणीची जागा तांबड्या रंगात दिसते. ओळ क्रमांक हवा असल्यास खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पाहावे. ही खूण पायथन जिथे अडला ती जागा दाखवते. चूक तिथेच असेल असे नाही. ती त्याच्या आधी झालेली असू शकते. पुढील दोन ओळी पाहा.

    संख्या = इंट(इनपुट("किती वेळा? ")
    व्हाइल संख्या > 0:

जुन्या आवृत्तीत संदेश दुसऱ्या ओळीवर येतो. शिकणारा मग ती ओळ पुसून पुन्हा लिहितो, कोलन काढून परत घालतो, स्पेस कमी-जास्त करतो. ओळ मुळातच बरोबर असल्याने काहीच सुधारत नाही. चूक पहिल्या ओळीत आहे. तिथे उघडणारे कंस दोन आणि बंद होणारा एकच आहे. कंस उघडा असेपर्यंत पायथन पुढची ओळ आधीच्याच ओळीचा भाग मानून वाचत राहतो आणि कंसाच्या आत व्हाइल हा शब्द भेटताच अडतो. नव्या आवृत्तीत याच जागी ‘हा कंस बंदच झाला नाही’ अशा अर्थाचा संदेश पहिल्या ओळीच्या क्रमांकासह मिळतो.

म्हणून रीत अशी ठेवावी की संदेशातली ओळ एकदा नीट वाचायची, तिच्यात काही सापडले नाही तर लगेच तिच्या वरची ओळ वाचायची आणि तिथले कंस व अवतरणचिन्हे जोडीने मोजायची. एका वेळी एकच बदल करून फाइल पुन्हा चालवावी. पायथन व्याकरणाची एकच चूक एका वेळी दाखवतो. ती दुरुस्त झाल्यावर दुसरी दिसते. नवा संदेश आला म्हणजे आपण काहीतरी बिघडवले, असे समजून केलेली दुरुस्ती मागे घेणारे पुष्कळ असतात. संदेश बदलला, ओळ क्रमांक पुढे सरकला, तर ती प्रगती आहे.

लूपची पहिली ओळ

जुन्या बडोदे शहराला चार दरवाजे आहेत. त्यांची यादी घेऊन एक लूप लिहू.

    दरवाजे = ["लहरीपुरा", "पाणीगेट", "चांपानेर", "गेंडीगेट"]
    फॉर दरवाजा इन दरवाजे:
        प्रिंट(दरवाजा)

दुसऱ्या ओळीत पाच गोष्टी ठरलेल्या क्रमाने यायला हव्यात: फॉर, मग एकेक वस्तू ज्यात घ्यायची ते नाव, मग इन, मग ज्यातून घ्यायची ती यादी, आणि शेवटी कोलन. ओळ मोठ्याने वाचली की राहिलेला इन कानालाच जाणवतो, परंतु कोलन कानाला जाणवत नाही, म्हणून तो डोळ्यांनी तपासावा लागतो. कोलनऐवजी सेमीकोलन पडणे हीदेखील नेहमीची गोष्ट आहे, कारण दोन्ही एकाच कळीवर आहेत आणि शिफ्ट नीट दाबली गेली नाही की सेमीकोलन उमटतो. बारीक अक्षरांत हा फरक दिसत नाही. संपादकातील अक्षरांचा आकार वाढवून घ्यावा.

कीवर्डचे पहिले अक्षर मोठे पडणे ही दुसरी नेहमीची चूक. फोनवर पायथन शिकणाऱ्यांत ती अधिक आढळते, कारण फोनचा कीबोर्ड ओळीचे पहिले अक्षर आपणहून मोठे करतो. पायथनच्या दृष्टीने मोठ्या अक्षराने सुरू होणारा फॉर हा कीवर्ड नसून कोणतेतरी अनोळखी नाव आहे. आयडलमध्ये ही चूक रंगावरून ओळखता येते: कीवर्ड नारिंगी दिसतात, प्रिंट आणि रेंज यांसारखी तयार फंक्शने जांभळी आणि अवतरणातला मजकूर हिरवा. फॉर काळ्या रंगात दिसत असेल तर पायथनने तो ओळखलेला नाही. ओळ चालवण्याआधीच हे कळते, त्यामुळे निदान पहिल्या महिन्यात तरी रंग न दाखवणाऱ्या नोटपॅडमध्ये प्रोग्राम लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अट खरी असेपर्यंत चालणाऱ्या व्हाइल लूपच्या ओळीत आणखी एक सापळा आहे. तुलना करायची असताना एकच बरोबरीचे चिन्ह वापरले तर पायथन ते स्वीकारत नाही. एक चिन्ह किंमत देण्यासाठी आणि दोन चिन्हे तुलनेसाठी असतात. त्याचप्रमाणे ‘पेक्षा लहान किंवा बरोबर’ हे <= असेच लिहावे लागते. बोलताना आपण दोन्ही क्रमांनी बोलू शकतो, पण =< हे चिन्ह पायथनमध्ये नाही.

ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा

सी किंवा जावा आधी पाहिलेल्यांना सर्वांत जास्त त्रास इंडेंटचा, म्हणजे या मोकळ्या जागेचा, होतो. त्या भाषांत लूपच्या आत काय आहे, हे महिरपी कंस सांगतात आणि मोकळी जागा केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असते. पायथनमध्ये मोकळी जागाच ते काम करते. फॉरच्या ओळीखाली जेवढ्या ओळी समान अंतर आत सरकवल्या असतील तेवढ्याच लूपच्या आत, बाकीच्या बाहेर. पायथनच्या लेखनशैलीच्या नियमावलीत, पेप 8 मध्ये, हे अंतर चार स्पेस इतके ठेवण्याची शिफारस आहे. दोन किंवा तीन स्पेस ठेवले तरी प्रोग्राम चालतो, मात्र एका लूपमधल्या सगळ्या ओळी सारख्याच सरकवलेल्या असायला हव्यात.

इंडेंटचे संदेश मुख्यतः चार प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. ‘एक्सपेक्टेड ॲन इंडेंटेड ब्लॉक’ याचा अर्थ असा की कोलननंतरची ओळ आत सरकवायला हवी होती आणि ती सरकलेली नाही. लूपच्या आत केवळ टिप्पणी, म्हणजे # ने सुरू होणारी ओळ, असेल तरी हाच संदेश येतो, कारण पायथन टिप्पणीला ओळ मानत नाही. आतला भाग नंतर लिहायचा असेल तर तिथे तात्पुरता पास हा काहीही न करणारा कीवर्ड लिहावा. ‘अनएक्सपेक्टेड इंडेंट’ म्हणजे कारण नसताना ओळ आत गेली आहे. बहुतेक वेळा सुरुवातीला एखादी स्पेस चुकून पडलेली असते. ‘अनइंडेंट डझ नॉट मॅच’ असे सुरू होणारा संदेश आला तर ओळ बाहेर यायला निघाली, परंतु वरच्या कोणत्याच ओळीच्या रेषेत आली नाही, असे समजावे. चारऐवजी तीन स्पेस मागे घेतल्या की असे होते.

चौथा संदेश टॅब एररचा. तो आला की शिकणारे हतबल होतात, कारण पडद्यावर सगळ्या ओळी एका रेषेत दिसत असतात. एका ओळीची सुरुवात टॅबने आणि दुसरीची स्पेसने झालेली असते. डोळ्यांना अंतर सारखे दिसले तरी पायथन 3 अशी सरमिसळ चालवून घेत नाही. हे बहुधा तेव्हा घडते जेव्हा प्रोग्रामचा अर्धा भाग नोटपॅडमध्ये लिहिलेला असतो, जिथे टॅबची कळ खरोखरचा टॅब घालते, आणि उरलेला आयडलमध्ये, जिथे तीच कळ चार स्पेस घालते. अशा वेळी एकेक ओळ शोधत बसू नये. आयडलमध्ये सगळा मजकूर निवडून फॉरमॅट मेनूतील ‘अनटॅबिफाय रीजन’ हा पर्याय घेतला की सर्व टॅबच्या जागी स्पेस येतात. एखादी ओळ नेमकी कशाने सुरू होते हे पाहायचे असल्यास कर्सर ओळीच्या आरंभी नेऊन उजव्या बाणाची कळ दाबावी. एका दाबात कर्सर थेट अक्षरापाशी गेला तर तो टॅब आहे, चार वेळा दाबावी लागली तर स्पेस आहेत.

कीबोर्डची मांडणी

मजकूर मराठीत हवा म्हणून विद्यार्थी अवतरणचिन्हांच्या आत जाताना मराठी मांडणी चालू करतो आणि बाहेर येताना ती बदलायला विसरतो. मग रेंजच्या कंसात 5 ऐवजी देवनागरी ५ पडतो. आपल्याला दोन्ही पाचच वाटतात. पायथन मात्र प्रोग्रामच्या ओळीत देवनागरी अंक संख्या म्हणून घेत नाही आणि ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ असे म्हणतो. गंमत म्हणजे वापरणाऱ्याने इनपुटच्या वेळी ५ टंकला आणि तो इंटमधून गेला, तर पायथन निमूटपणे पाच ही संख्या देतो. अडचण फक्त प्रोग्राम लिहिताना आहे.

नव्या आवृत्त्यांत या संदेशासोबत त्या अक्षराचा युनिकोड क्रमांकही (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक) येतो, आणि तो वाचायची सवय बडोद्यासारख्या ठिकाणी फारच कामाची आहे. यू आणि + नंतरचे आकडे 09 ने सुरू होत असतील तर ते अक्षर देवनागरी, म्हणजे मराठी मांडणी चालू राहिली होती. 0ए ने सुरू होत असून तिसरे चिन्ह 8 किंवा त्यापुढचे असेल तर ते गुजराती. आणि 20 ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर बहुधा कीबोर्डचा दोष नाही. वर्डमधून किंवा एखाद्या लेखातून ओळ उचलून चिकटवली आहे आणि तिच्याबरोबर वळणदार अवतरणचिन्हे किंवा लांब आडवी रेघ आली आहे. ती चिन्हे पुसून इंग्रजी मांडणीतून पुन्हा टंकावीत. न दिसणारी स्पेसही अशाच मार्गाने येते. तिचा क्रमांक 00ए0 असतो आणि ती सापडत नसेल तर ओळीची सुरुवात सरळ पुसून नव्याने इंडेंट द्यावा.

देवनागरी नावांचा प्रश्न इथे येतो. ‘पायऱ्या’ असे व्हेरिएबलचे नाव ठेवले आणि ते ऱ या अक्षराने टंकले, तर पायथनला ते मान्य आहे. पण काही मराठी कीबोर्डवर हेच जोडाक्षर र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह अशा पद्धतीने तयार होते. त्या जोडचिन्हाला पायथन नावात जागा देत नाही आणि ‘इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर’ असा संदेश येतो. दोन्ही प्रकारे लिहिलेला शब्द पडद्यावर हुबेहूब सारखा दिसत असल्याने ही चूक शोधणे नवख्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून माझा सल्ला असा की मराठी मजकूर अवतरणचिन्हांच्या आत हवा तेवढा लिहावा, पण व्हेरिएबलची नावे इंग्रजी लिपीत ठेवावीत. या लेखातील नावे केवळ वाचण्याच्या सोयीसाठी मराठीत ठेवली आहेत.

दुसऱ्या भाषांच्या सवयी

सीच्या पद्धतीने फॉरच्या कंसात सुरुवात, अट आणि वाढ सेमीकोलनने वेगळी करून लिहिणे पायथनला समजत नाही; त्या जागी रेंज वापरावे. क्रम++ हेही चालत नाही, त्याऐवजी क्रम += 1 लिहावे. एल्स आणि इफ हे दोन शब्द शेजारी लिहिण्याऐवजी एलिफ हा एकच कीवर्ड आहे. लूप मध्येच थांबवणारा ब्रेक हा कीवर्ड लूपच्या बाहेर लिहिला गेला तर ‘ब्रेक आउटसाइड लूप’ असा अगदी स्वच्छ संदेश मिळतो, आणि त्याचे मूळ जवळजवळ नेहमी इंडेंटमध्येच असते. आयडलच्या >>> या खुणेपुढे थेट लूप लिहीत असाल, तर लूप संपवण्यासाठी एक रिकामी ओळ द्यावी लागते. ती न देता पुढची ओळ डावीकडून सुरू केली की बरोबर लिहिलेल्या ओळीवरही सिंटॅक्स एरर येते.

संदेश न देणाऱ्या चुका

यापुढच्या चुका व्याकरणात बसतात, म्हणून पायथन गप्प राहतो. क्रम += 1 लिहिताना चिन्हांची अदलाबदल होऊन क्रम =+ 1 झाले, तर त्याचा अर्थ ‘क्रमाची किंमत अधिक एक ठेवा’ असा होतो; किंमत प्रत्येक फेरीत एकच राहते आणि व्हाइल लूप थांबतच नाही. ++क्रम असे उलटे लिहिले तर तेही चालते, पण किंमत वाढत नाही, कारण पायथन त्याला फक्त दोन अधिक चिन्हे समजतो.

इंडेंटमुळे अर्थ बदलतो तो असा. दरवाजांच्या लूपखाली शहराच्या मध्यभागी असलेल्या मांडवीचे नाव छापायचे आहे.

    फॉर दरवाजा इन दरवाजे:
        प्रिंट(दरवाजा)
    प्रिंट("मांडवी")

इथे चार दरवाजे आणि शेवटी एकदा मांडवी येते. शेवटची ओळ चार स्पेस आत गेली, तर प्रत्येक दरवाजानंतर मांडवी छापली जाते. दोन्ही प्रोग्राम व्याकरणाने शुद्ध आहेत. एल्सच्या बाबतीत हे अधिक फसवे आहे, कारण पायथनमध्ये एल्स इफप्रमाणेच फॉरलाही जोडता येतो. इफच्या रेषेत असायला हवा तो एल्स फॉरच्या रेषेत आला, तर संदेश येत नाही. एल्समधला भाग प्रत्येक फेरीत चालण्याऐवजी लूप ब्रेकशिवाय संपल्यावर एकदाच चालतो.

चुकांनी भरलेला एक प्रोग्राम

वर सांगितलेली रीत आता पाढ्याच्या प्रोग्रामवर चालवून पाहू. आवृत्ती 3.10 किंवा त्यापुढची धरली आहे.

    संख्या = इंट(इनपुट("कितीचा पाढा? "))
    क्रम = 1
    व्हाइल क्रम =< 10
    प्रिंट(संख्या * क्रम)
    क्रम++

पायथन प्रथम तिसऱ्या ओळीवर अडतो. वरच्या दोन ओळींतले कंस मोजले, ते जुळतात, म्हणजे चूक याच ओळीत आहे. =< च्या जागी <= केले आणि फाइल पुन्हा चालवली की संदेश बदलतो: आता कोलन हवा आहे. तो दिल्यावर चौथ्या ओळीवर ‘व्हाइलनंतर आत सरकवलेली ओळ हवी होती’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि त्यात तिसऱ्या ओळीचा क्रमांकही असतो. प्रिंटची ओळ चार स्पेस आत घेतली की पायथन पाचव्या ओळीवर पोहोचतो आणि क्रम++ नाकारतो. तिथे क्रम += 1 लिहिले की सगळे संदेश संपतात.

प्रोग्राम चालतो, 7 टंकले तर 7 छापतो, पुन्हा 7 छापतो आणि थांबायचे नाव घेत नाही. कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबून तो थांबवावा आणि पाचवी ओळ पाहावी. तिच्यातील चिन्हे सुधारली, पण ती अजून डाव्या कडेलाच आहे, म्हणजे लूपच्या बाहेर. क्रमाची किंमत वाढवणाऱ्या ओळीपर्यंत पायथन कधी पोहोचतच नाही. तीही चार स्पेस आत घ्यावी. त्यानंतर फाइल चालवली की 7 पासून 70 पर्यंतचे दहा आकडे एकाखाली एक येतात आणि लूप आपणहून थांबतो.